मधला कप्पा

सुईवाल्याला त्याचा मेहुणा डोळ्यासमोर नकोसा झाला होता, आणि त्याला लॅबमध्ये आणून बसवणारा सुईवालाच होता. तेव्हा तक्रार करायची कुणाकडे?

सुईवाला हे काही त्याचं खरं नाव नाही. पण दहा वर्षं एकच काम केल्यावर खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरतं. काम असं, की झेब्राफिश नावाचे मासे असतात, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. त्यांची दोन दिवसांची पिल्लं तांदळाच्या कणीएवढी आणि काचेसारखी आरपार. हृदय धडधडताना दिसतं, रक्त पळताना दिसतं. त्या पिल्लाच्या पोटाशी, बलकाच्या पिशवीला लागून, काचेच्या सुईने माणसाच्या कॅन्सरच्या पेशी सोडायच्या. तीन-चारशे पेशी, लाल चमकणाऱ्या. मग पिल्लाच्या पाण्यात नवं औषध मिसळायचं आणि तीन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं. लाल डाग वाढला तर औषध बाद. आक्रसला तर औषध पुढे उंदरांकडे, आणि नशीब असलं तर बऱ्याच वर्षांनी माणसाकडे.

हे सगळं बोलायला सोपं. सुई केसापेक्षा बारीक, जरा जोर जास्त झाला की पिल्लू मेलं. सुईवाला तासाला दीडशे पिल्लं टोचायचा आणि त्यातली पाचसुद्धा मरायची नाहीत. लॅबच्या मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या की त्याच्या खुर्चीमागे थांबायच्या आणि म्हणायच्या, हा आमचा हात. त्या दिवशी सुईवाला घरी भाजीसुद्धा जरा ऐटीत चिरायचा.

मग मेहुणा आला.

बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला छोट्या म्हणायचे, आणि छोट्या सहा फूट. शिकून घरी बसला होता, सासूबाई फोनवर उसासे टाकायच्या, बायको म्हणाली, अहो, तुमच्या मॅडमना एकदा विचारून तर बघा. सुईवाल्याने विचारलं. एका वर्षाच्या करारावर मेहुणा लागला. सुईवाल्याने त्याला सगळं शिकवलं. नर-माद्यांमधला पडदा सकाळी कधी काढायचा, अंडी कशी गाळायची, पिल्लांना गुंगी कशी द्यायची. सगळं म्हणजे एक गोष्ट सोडून. काचेची सुई टोकाला बंद असते, ती मोडावी लागते. जास्त मोडली तर पेशी भसाभसा बाहेर येतात, कमी मोडली तर तुंबते. बाकीचे चिमट्याने मोडायचे आणि दहातल्या चार फुकट घालवायचे. सुईवाल्याची एकही जायची नाही. कशी मोडतो ते त्याने कुणालाच दाखवलं नव्हतं. मोडायची वेळ आली की तो खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवायचा. मेहुण्याला शिकवतानाही फिरवली.

हातचं एवढं राखून ठेवलं तरी पोरगं सहा महिन्यांत तासाला शंभरावर गेलं. वर ते बोलायचंही गोड. मॅडमना प्रश्न विचारायचं, आणि असे विचारायचं की मॅडम खुर्ची ओढून बसायच्या. दहा वर्षांत सुईवाल्याशेजारी त्या कधी खुर्ची ओढून बसल्या नव्हत्या. एकदा पाहुणे आले तेव्हा मॅडम मेहुण्यामागे थांबल्या. हा आमचा नवा हात, म्हणाल्या. सुईवाल्याच्या हाताखालचं पिल्लू त्या क्षणी मेलं.

घरी आणखी वेगळं. जेवताना बायको विचारायची, आज छोट्याने काय केलं? तुम्ही काय केलं, हे विचारणं बंदच झालं होतं. छोट्या जेवायला आला की त्याच्या ताटात दोनदा वाढलं जायचं, आणि सुईवाला स्वतःच्या हाताने वाढून घेत बसायचा.

आणि त्यातच बातमी आली की टोचणीच्या खोलीला प्रमुख नेमायचा आहे. सुईवाला सहा वर्षं त्या खुर्चीकडे बघत होता. मॅडम म्हणाल्या, महिन्याअखेर ठरवते, तुम्हा दोघांपैकी एक. दोघांपैकी. आम्ही दोघे केव्हापासून झालो, असं सुईवाल्याला विचारावंसं वाटलं, पण तो हसून बरं म्हणाला.

आता कप्प्याची गोष्ट.

खोलीत दोन इन्क्युबेटर होते, शेजारी शेजारी, लहान फ्रिजसारखे, पण आत ऊब. एक अठ्ठावीस अंशांचा, कारण मासे तेवढ्यात सुखी असतात. दुसरा चौतीसचा. माणसाच्या पेशींना सदतीस लागतात, माशाला ते सोसत नाहीत, म्हणून टोचलेली पिल्लं चौतीसला ठेवायची. दोघांनी थोडं थोडं सोसायचं. सुईवाला नव्या पोरांना सांगायचा की हा नवरा-बायकोसारखा हिशेब आहे. त्या चौतीसच्या इन्क्युबेटरमधला मधला कप्पा सुईवाल्याचा होता. तिथे ऊब सगळीकडे सारखी असते. दहा वर्षांपूर्वी त्याने कप्प्याच्या कडेला पांढरी टेप चिकटवून वर पेनाने सुई काढली होती. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या कप्प्यात दुसरं कुणी पिल्लांची प्लेट ठेवत नसे.

एका शुक्रवारी दुपारी सुईवाला आपली प्लेट घेऊन गेला, तर मधल्या कप्प्यात मेहुण्याच्या दोन प्लेटा, एकावर एक. सतरा नंबरच्या औषधाच्या. एकीत औषधाचं पाणी, दुसरीत साधं, तुलनेसाठी. मेहुणा तोवर निघून गेला होता. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दोन दिवस तो त्यांच्यापाशी राहणार होता. जाताना सांगून गेला होता, दाजी, शनिवार-रविवार माझ्या प्लेटांकडे बघाल ना? सुईवाला हो म्हणाला होता. पण कुठे ठेवल्यात, ते मेहुण्याने सांगितलं नव्हतं.

वरचा कप्पा रिकामा होता. सुईवाला आपली प्लेट तिथे ठेवू शकला असता, आणि मेहुण्याचीही वर सरकवू शकला असता. त्याने मेहुण्याची वरची प्लेट उचलली, शेजारचं अठ्ठावीसचं दार उघडलं, तिथे ठेवली आणि रिकाम्या जागी आपली सरकवली. संध्याकाळी परत ठेवू, असं मनाशी म्हणाला. कुठली प्लेट उचलली तेही त्याने बघितलं नाही.

संध्याकाळी तो विसरला. निदान स्वतःला त्याने तसंच सांगितलं. पण शनिवारी माशांना खायला घालायला आला तेव्हा त्याने ते दार उघडलं, प्लेट पाहिली आणि दार परत लावलं. येऊ दे जरा आकडे वेडेवाकडे, असा विचार त्याच्या डोक्यात आला होता, तो का नाकारायचा. रविवारीही तेच. सोमवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला आणि प्लेट जागच्या जागी ठेवली. मेहुणा आला, दाजी, आईचं छान झालं, म्हणाला, आणि शीळ घालत प्लेटा घेऊन फोटो काढायला गेला.

बुधवारच्या मीटिंगमध्ये मेहुण्याने भिंतीवर फोटो लावले. साध्या पाण्यातल्या पिल्लांच्या पोटाशी हरभऱ्यासारखे लाल गोळे, आणि सतरा नंबरच्या पाण्यातल्या पिल्लांच्या पोटाशी नुसते लाल ठिपके. वर्षभरात सोळा औषधं बाद झाली होती. कुणीतरी टाळी वाजवली.

सुईवाल्याने सतरा नंबरचा फोटो पाहिला आणि पुढे वाकून पुन्हा पाहिला. त्या पिल्लांच्या पोटाशी बलक अजून जाडजूड होता. पाच दिवसांच्या पिल्लाचा बलक बराचसा संपलेला असतो. ही पिल्लं दिवसभराने मागे होती, कारण ती गारठ्यात वाढली होती. आणि पेशी? अठ्ठावीस अंशांत माणसाची पेशी अंग चोरून बसते, ती वाढेल कशाला. त्याने नेमकी औषधाची प्लेट उचलली होती. सतरा नंबरने काही केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते त्याच्या जळक्या हाताने.

म्हणजे बघा, मेहुण्याचं नाक कापायला गेला आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवून आला.

मॅडमनाही बलक खटकला. त्यांनी विचारलं, हा एवढा का उरलाय? मेहुणा म्हणाला, औषधाने वाढ थोडी मंदावत असावी, तसं मी वहीत लिहिलंय. मॅडमनी मान डोलावली. वरच्या लोकांना कळवायच्या आधी हे अजून दोनदा करून दाखव, म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा फुलला होता, आणि बाहेर पडताना त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी बायकोने आईला, मावशीला, मैत्रिणीला फोन केले. छोट्याने कॅन्सरचं औषध शोधलं, म्हणून सांगत होती. सुईवाला म्हणाला, शोधलं नाही, तपासलं. ती म्हणाली, तुम्हाला कधी कुणाचं कौतुक करता येतं का हो? मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला सुचलं की आपण काहीच करायची गरज नाही. पुन्हा करताना औषध आपटणार. पोराची फजिती आपोआप होणार. आपण फक्त गप्प राहायचं. त्या विचाराने त्याला छान झोप लागली.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या खेपेला दोन्ही प्लेटांत सारखेच लाल गोळे. तिसऱ्या खेपेलाही. मेहुण्याने शीळ घालणं सोडलं. सुया तुंबायला लागल्या, पिल्लं मरायला लागली. मॅडमनी खुर्ची ओढणं बंद केलं. उभ्या उभ्याच विचारायच्या, पहिल्या वेळी नेमकं काय केलं होतंस? आणि हे प्रश्न आधीसारखे गोड नव्हते.

एक दिवस मॅडमनी सुईवाल्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, तुमचा नातेवाईक आहे म्हणून तुम्हालाच विचारते. काही पोरं हवी तशी पिल्लं निवडून तेवढ्यांचेच फोटो काढतात. त्या शनिवार-रविवारी तुम्ही होतात. तुम्हाला काही दिसलं का?

एवढी सोपी संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. खोटं बोलायचीही गरज नव्हती. सुईवाला म्हणाला, "मला काही सांगता येणार नाही, मॅडम." आणि म्हणताना आवाज थोडा खाली नेला, जसा आपण माहीत असूनही न सांगताना नेतो. मॅडम मान हलवत म्हणाल्या, कळलं. त्याचा करार महिन्याअखेर संपतोय, बघते.

बाहेर आल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, जिना उतरेपर्यंत टिकला.

त्याच आठवड्यात मेहुणा घरी आला. बायकोने दोनदा वाढलं, त्याने एकदाचंही संपवलं नाही. ती आत गेल्यावर मेहुण्याने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर सरकवली. म्हणाला, दाजी, पहिल्या खेपेचं सगळं शंभरदा वाचलं, काही सापडत नाही, तुम्ही बघा. सुईवाल्याने पानं उलटली. मेहुण्याचं अक्षर शाळेतल्यासारखं, गोल. शुक्रवार, सगळं लिहिलेलं. सोमवार, लिहिलेलं. आणि मध्ये एकच ओळ. शनि-रवि, प्लेटा दाजींनी पाहिल्या, सगळं ठीक.

"हे ठीक आहे असं तुला कुणी सांगितलं?" सुईवाल्याने विचारलं.

"तुम्ही होतात ना," मेहुणा म्हणाला. "मॅडमनी पण विचारलं, मध्ये प्लेटांना कुणाचा हात लागला का? म्हटलं, फक्त दाजींचा. म्हणजे तिथे चूक शोधण्यात वेळ घालवू नका."

सुईवाल्याने वही मिटली.

"माझ्याच हातून काहीतरी झालंय, दाजी. मला कळत नाहीये ते काय. कधी कधी वाटतं, मीच झोपेत फोटो निवडले की काय. एकदा तुमच्या हाताने करून बघाल? तुमच्या हातानेही डाग वाढला तर मी समजेन औषध खोटं, आणि मी मॅडमना सांगून जातो."

सुईवाल्याला तेव्हाच सांगता आलं असतं. पण आतून बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता. तो एवढंच म्हणाला की उद्या सकाळी लवकर ये.

सकाळी दोघं बसले. सुईवाल्याने नव्वद पिल्लं टोचली, एकही मेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तीन प्लेटा केल्या. मेहुणा म्हणाला, दोनच लागतात, तिसरी कशाला? सुईवाला म्हणाला, असू दे. पहिलीत सतरा नंबर, दुसरीत साधं पाणी, दोन्ही चौतीसला, वरच्या कप्प्यात. तिसरीतही साधं पाणी भरून त्याने अठ्ठावीसचं दार उघडलं आणि आत ठेवली. मेहुण्याने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीत तेही लिहून घेतलं.

तीन दिवसांनी फोटो काढले. पहिल्या दोन प्लेटांत हरभरे. तिसरीत नुसते ठिपके, आणि बलक जाडजूड. मेहुण्याने आपला पहिल्या खेपेचा फोटो शेजारी ठेवला. दोन्ही फोटो जुळ्या भावांसारखे.

"यात औषध नाही ना?" मेहुण्याने विचारलं.

"थेंबसुद्धा नाही."

मेहुणा हुशारच. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तो अगदी हळू म्हणाला, "माझी प्लेट तिकडे कशी गेली?"

"मी ठेवली. तू माझ्या कप्प्यात ठेवली होतीस."

"मग वर ठेवायची ना, दाजी. वरचा कप्पा रिकामा होता."

"हो. होता."

"चुकून?"

इथे सुईवाल्याला शेवटची पळवाट होती, आणि पोराने दार उघडून धरलं होतं. सुईवाला म्हणाला, "नाही. शनिवारी पण पाहिली, रविवारी पण. राहू दिली. तुझं वाईट व्हावं म्हणून."

मेहुण्याने फोटो गोळा केले. कडा जुळवून नीट ठेवले. मला वाटलं मला वेड लागतंय, एवढंच म्हणाला आणि खोलीबाहेर गेला.

मॅडमना सुईवाल्याने स्वतःच जाऊन सांगितलं, दोन्ही फोटो पुढे ठेवून. आत बोलावलं होतं तेव्हा आवाज खाली का नेला, तेही सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, सतरा नंबर मेला, लवकर मेला ते बरं झालं, नाहीतर आपण वर्षभर उंदीर मारले असते, आणि बाहेर कितीतरी जणांना खोटी आशा लावली असती. मग त्या उठल्या, टोचणीच्या खोलीत गेल्या, चौतीसचं दार उघडलं आणि मधल्या कप्प्याची टेप नखाने खरवडून काढली. दहा वर्षांची टेप, सहज निघेना. सगळे बघत होते. सुईवाला शेजारी उभा राहिला, मदतही करता येईना. सुट्टीच्या दिवसांची ड्युटी त्याच्याकडून गेली. प्रमुखाची खुर्ची मेहुण्याला मिळाली, करार तीन वर्षांचा झाला. त्याने पहिलाच नियम काढला, की प्रत्येक प्लेटवर तापमान दाखवणारी पट्टी चिकटवायची, ऊब कमी झाली की तिचा रंग कायमचा बदलतो. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे दहा वर्षांत कुणाला कसं सुचलं नाही? सुईवाला पुन्हा तसाच जळला. अगदी वेळेवर.

घरी बायकोला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही माझ्या भावावर जळत होतात? तो हो म्हणाला. ती म्हणाली, आणि आता? तो म्हणाला, आताही जळतो, पण आता तुला सांगून. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती आठ दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली.

मेहुणाही दोन महिने जेवायला आला नाही. लॅबमध्ये दाजी म्हणायचा, पण दुकानदाराला काका म्हणावं तसं.

मग एक दिवस दोघंच खोलीत होते. मेहुणा चिमट्याने सुई मोडत होता, तिसरी फुकट गेली. सुईवाल्याने आपली खुर्ची फिरवली, ह्या खेपेला भिंतीकडून त्याच्याकडे. दहा वर्षांत कुणाला दिलं नव्हतं ते द्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि जरा छातीही भरून आली होती.

"इकडे बघ," तो म्हणाला. "चिमटा ठेव. पातळ टिश्यूपेपर घ्यायचा, त्याच्या कडेवर टोक तिरकं, नुसतं फिरवायचं. घासायचं नाही. हं. असं."

सुई सुरेख मोडली. मेहुणा मान खाली घालून बघत होता, आणि सुईवाल्याला दिसलं की त्याचे खांदे हलतायत. क्षणभर त्याला वाटलं पोरगं रडतंय.

"काय झालं?"

"काही नाही, दाजी." मेहुणा हसू दाबत होता. "हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तुमच्या डस्टबिनमध्ये रोज एवढे टिश्यू असायचे. तुम्ही उठून गेलात की मी तसंच मोडायचो. समोर असलात की चिमटा."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सुईवाल्याला आधी राग आला, चांगलाच आला, कानापर्यंत. आपण राखून ठेवलेली एकच गोष्ट, तीही ह्याच्याकडे आधीपासून होती, आणि वर ह्याने ती आपल्यासाठी झाकून ठेवली. ह्यातसुद्धा हाच पुढे. मग त्याने टेबलावरचा टिश्यूचा डबा उचलला आणि मेहुण्याच्या बाजूला सरकवला.

"तीन सुया वाया घालवल्यास आज," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडे बघून. आता मोड नीट. आणि संध्याकाळी जेवायला ये, तुझी ताई दोन महिने दोनदा वाढायला कुणी नाही म्हणून मलाच दोनदा वाढतेय."

"खरंच?"

"नाही," सुईवाला म्हणाला. "एकदाच वाढते. पण तू ये."